बाहेर युद्ध केलं की घरचा दहशतवाद कमी होतो का?

प्रश्न असा आहे: दहशतवादी जिथे आहेत तिथेच जाऊन लढलं, तर ते आपल्या दारात येणार नाहीत, हे अमेरिकेने २००१ नंतर मांडलेलं सूत्र खरं ठरलं का? आणि भारताने त्यातून काय घ्यायचं?

थोडक्यात उत्तर असं की तळ मोडण्यापुरतं युद्ध उपयोगी पडतं. तळ मोडून झाल्यावर तिथेच ठाण मांडलं की नफ्याचा तोटा होऊ लागतो. आणि घरी जी सुरक्षितता जाणवते, तिचा मोठा वाटा विमानातल्या कॉकपिटच्या दाराचा, प्रवाशांच्या याद्यांचा आणि पोलिसांना वेळेवर आलेल्या फोनचा असतो. पण ‘तळ’, ‘ठाण’ आणि ‘सुरक्षित’ या तिन्ही शब्दांत गोची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त घोळ मोजण्यात होतो, म्हणून तिथून सुरुवात. “११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत तसा हल्ला पुन्हा झाला नाही, म्हणजे युद्ध यशस्वी” हा युक्तिवाद कावळा बसायला आणि फांदी तुटायला, या जातीचा आहे. त्याच काळात विमानांची कॉकपिटची दारं मजबूत झाली, विमानतळांची तपासणी केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे गेली, वेगवेगळ्या खात्यांच्या संशयितांच्या याद्या एकत्र आल्या, एफबीआय आणि स्थानिक पोलिसांची संयुक्त पथकं वाढली आणि बँकांच्या व्यवहारांवर नजर बसली. शिवाय ‘अपहरणकर्त्याचं ऐका, विमान खाली उतरेल’ ही प्रवाशांची जुनी समजूत त्याच सकाळी संपली. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटकं घेऊन विमानात बसलेल्या रिचर्ड रीडला विमानातले कर्मचारी आणि प्रवासी यांनीच दाबून धरलं. या सगळ्यातून युद्धाचा वाटा वेगळा काढणं सोपं नाही, आणि जो तो एका आकड्यात काढून दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

सरकारी आकडेही कसे फसवतात याचा नमुना घ्या. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा २००३ सालचा जागतिक दहशतवादाचा अहवाल एप्रिल २००४ मध्ये आला. त्यात १९० हल्ले आणि ३०७ मृत्यू दाखवले होते. युद्ध आपण जिंकतो आहोत, असं त्या आकड्यांच्या आधारावर सांगितलं गेलं. दोन प्राध्यापकांनी आकडेमोड तपासली, आणि जूनमध्ये खात्याला दुरुस्ती काढावी लागली: २०८ हल्ले, ६२५ मृत्यू, म्हणजे मृतांचा आकडा दुपटीवर. चूक कशी झाली? हल्ल्यांची यादी ११ नोव्हेंबरलाच थांबली होती, त्यामुळे त्याच महिन्यात इस्तंबूलमध्ये झालेले मोठे स्फोट तिच्यात आलेच नाहीत. दुसरी गोष्ट व्याख्येची: इराकमधल्या लढाऊ सैनिकांवरचे हल्ले दहशतवादात मोजले जात नव्हते. तेव्हा असा आकडा समोर आला की तीन गोष्टी आधी बघाव्यात. यादी कोणत्या तारखेला थांबली, सैनिक मोजले की नाही, आणि फसलेले कट मोजले की फक्त झालेले स्फोट.

चौथी गोष्ट कुणी विचारत नाही: सुरक्षित कोण झालं? बगदाद, पेशावर आणि काबूल हिशेबात घेतलं की उत्तर एकदम बदलतं.

आता यंत्रणा. दूरच्या देशात मोठा हल्ला करायला चार गोष्टी लागतात: जीव द्यायला किंवा घ्यायला तयार माणसं, त्यांना निवांतपणे शिकवायला जागा, पैसा, आणि त्या देशात शिरायची वाट. पैसा फार लागत नाही. अमेरिकेच्या चौकशी आयोगाने ११ सप्टेंबरच्या कटाचा एकूण खर्च ४ ते ५ लाख डॉलर धरला होता. युद्धाचा थेट घाव बसतो तो जागेवर. शिरण्याच्या वाटेवर त्याचा परिणाम जवळपास शून्य. आणि माणसं? ती युद्धाने कमीही होतात आणि वाढतातही. सगळा वाद इथेच आहे.

अफगाणिस्तानात २००१ मध्ये जागेला खरोखर महत्त्व होतं. १९९६ ते २००१ या काळात तिथल्या अल-कायदाच्या छावण्यांतून १० ते २० हजार माणसं शिकून बाहेर पडली, असा त्याच आयोगाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक साधे बंदूकधारी होती, पण छावणीचा खरा उपयोग निवडीसाठी होता. हजारोंमधून इंग्रजी येणारे, पाश्चात्त्य देशांत राहिलेले, डोकं थंड ठेवणारे वीस जण वेगळे काढायचे तर महिनोन्‌महिने माणसं डोळ्यांसमोर असावी लागतात. ७ ऑक्टोबर २००१ ला हवाई हल्ले सुरू झाले, १३ नोव्हेंबरला काबूल पडलं, डिसेंबरात कंदाहार. जमिनीवर अमेरिकेची माणसं तेव्हा मोजकीच होती, लढणारे बहुतेक स्थानिक होते. छावण्या गेल्या आणि त्या प्रमाणावर पुढची बरीच वर्षं उभ्या राहिल्या नाहीत.

याचा परिणाम पुढच्या कटांच्या दर्जावर दिसतो. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये गाडी ठेवणारा फैसल शहझाद पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात जेमतेम काही दिवस शिकला होता. त्याची गाडी फुटली नाही, नुसता धूर आला, आणि तो फुटपाथवरच्या विक्रेत्यांनी पाहून पोलिसांना सांगितला. निवांत जागा हिरावली की कारागिरी उतरते. युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो खरा आहे. फक्त न्यायालयात शहझादने कारण काय सांगितलं तेही ऐकावं लागतं: इराक, अफगाणिस्तान आणि ड्रोन हल्ले. म्हणजे युद्धाने त्याचं कौशल्य कमी केलं आणि कारण पुरवलं. एकाच माणसात दोन्ही.

अफगाणिस्तानातल्या तोरा बोरा या डोंगराळ भागातून डिसेंबर २००१ मध्ये निसटलेले अल-कायदाचे लोक डोंगर ओलांडून पाकिस्तानच्या कबायली भागात गेले. तिथे पाकिस्तानी सैन्य उतरलं, आणि २००७ च्या डिसेंबरात तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान ही संघटना उभी राहिली. १६ डिसेंबर २०१४ ला तिच्या हल्ल्यात पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये १३० हून अधिक मुलं मारली गेली. अमेरिका किती सुरक्षित झाली या हिशेबात हा आकडा येत नाही. आपल्या बाजूने एक टिपण: अफगाणिस्तानातल्या परदेशी फौजांची रसद मोठ्या प्रमाणावर कराची बंदरात उतरून तोरखम आणि चमन या सीमानाक्यांमार्गे जात होती. २६/११ चे दहा जण त्याच कराचीहून निघाले. रसदीसाठी ज्याच्यावर अवलंबून आहोत त्याच्यावर लष्कर-ए-तोयबासाठी किती दाब आणायचा, हा हिशेब वॉशिंग्टनमध्ये होणारच होता. दहशतवादाविरुद्धचं युद्ध सात वर्षं चालू असताना मुंबईत १६६ माणसं मारली गेली. त्या युद्धाला मुंबईकडे येणारा दहशतवाद दिसतच नव्हता, असं म्हणणं जास्त अचूक ठरेल.

इराकची गोष्ट वेगळी आणि जास्त शिकवणारी. इथे रोग म्हशीला आणि इलाज पखालीला होता. ११ सप्टेंबरच्या कटात सद्दाम हुसेनची अल-कायदाशी प्रत्यक्ष भागीदारी असल्याचं चौकशी आयोगाला आढळलं नाही. इराकने अल-कायदाला रासायनिक अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं, हा दावा ५ फेब्रुवारी २००३ ला संयुक्त राष्ट्रांत मांडला गेला. त्याचा मुख्य आधार होता इब्न अल-शेख अल-लिबी नावाच्या कैद्याचा इजिप्तमध्ये छळ करून घेतलेला जबाब, आणि २००४ मध्ये त्याने तो मागे घेतला. पुढे अल-कायदाची इराकी शाखा चालवणारा अबू मुसाब अल-झरकावी इराकमध्ये होता हे खरं, पण त्याचे साथीदार सद्दामची सत्ता चालत नव्हती अशा ईशान्येकडच्या कुर्दी डोंगरांत होते.

कारण चुकीचं असलं तरी परिणाम चांगला होऊ शकला असता, असं मानून पुढचे टप्पे पाहू. त्यात हेतूपेक्षा मोजमाप चुकलं. बंडखोरी आवरायला दर हजार लोकांमागे साधारण २० सुरक्षाकर्मी लागतात, हे लष्करी नियोजनातलं ढोबळ प्रमाण. इराकची लोकसंख्या तेव्हा सुमारे अडीच कोटी, म्हणजे ५ लाख माणसं हवीत. अमेरिकेची होती दीड लाखाच्या आसपास. भूदलप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये संसदेच्या समितीपुढे काही लाख सैनिक लागतील असं सांगितलं होतं. संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी ते उघडपणे खोडून काढलं.

कमतरता पहिल्याच महिन्यात जाणवली. राजवट पाडायला सैन्य पुरलं, दारूगोळ्याच्या कोठारांवर पहारा द्यायला पुरलं नाही. बगदादच्या दक्षिणेकडच्या अल-काका कारखान्यातून ३०० टनांहून अधिक उच्च क्षमतेची स्फोटकं नाहीशी झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने त्यांची आधीच नोंद करून ठेवली होती, म्हणून आकडा तरी कळला. इतर कोठारांचा हिशेबच नाही. पुढची कित्येक वर्षं रस्त्याकडेला जे फुटत होतं, त्यात या लुटीचा मोठा वाटा होता.

मग आले दोन हुकूम. १६ मे २००३ ला इराकमधले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पातळ्यांतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं. त्यात शाळामास्तर आणि दवाखान्याचे अधिकारीही गेले, कारण नोकरीत वर चढायचं तर पक्षाचं कार्ड लागायचं. २३ मे ला सैन्यच बरखास्त झालं. लाखो माणसं, ज्यांना शस्त्रं वापरता येतात आणि घरची शस्त्रं तशीच आहेत, एका सहीने बिनपगारी झाली. निदर्शनं झाली, त्यात माणसं मेली, तेव्हा कुठे महिनाभराने भत्ता जाहीर झाला. तोवर अपमान बसून गेला होता. हवाई संरक्षण दलातला एक कर्नल, पुढे हाजी बक्र या नावाने ओळखला गेलेला, याच बेकारांपैकी. झरकावीच्या टोळीतून पुढे निघालेल्या इस्लामिक स्टेटच्या हेरगिरीची आणि वस्त्या ताब्यात घेण्याच्या पद्धतीची आखणी त्याने केली. ती सद्दामच्या गुप्त पोलिसांचीच पद्धत होती, वर धर्माचा मुलामा.

१९ ऑगस्ट २००३ ला बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर ट्रकबॉम्ब आला. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दे मेल्लो यांच्यासह २२ जण गेले आणि संयुक्त राष्ट्रांनी आपली बहुतेक माणसं बाहेर काढली. झरकावीचा हिशेब असा होता की नागरी मदत करणारे निघून गेले की उरतात फक्त गणवेशवाले, आणि मग लोकांना ताबा म्हणजे काय ते रोज दिसतं. फेब्रुवारी २००६ मध्ये सामराची शियांना पवित्र असलेली मशीद उडवली गेली आणि शिया-सुन्नी रक्तपात पेटला. तोवर झरकावीची टोळी अल-कायदाची अधिकृत शाखा होऊन जवळपास दीड वर्ष झालं होतं.

‘तिकडे लढू म्हणजे इकडे लढावं लागणार नाही’ याची एक चतुर आवृत्ती त्या काळात ऐकू यायची: इराक म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलेला गूळ, मुंग्या तिथे जमतील आणि एका जागी मारता येतील. यात एक गृहीत दडलेलं आहे, की मुंग्यांची संख्या ठरलेली आहे. ते खोटं होतं हे मोजता आलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २००७ च्या सुमारास सीरियाच्या सीमेजवळ सिंजार भागात छाप्यात अल-कायदाच्या इराकी शाखेच्या भरतीच्या नोंदी सापडल्या: वर्षभरात आलेल्या सुमारे ६०० परदेशी माणसांचे अर्ज. नाव, गाव, आणलेले पैसे, कोणाच्या ओळखीने आला, आणि काम काय करणार. अगदी एखाद्या कारखान्याच्या भरतीसारखा कागद. सुमारे ४० टक्के सौदी होते. लोकसंख्येच्या मानाने लिबिया पहिला, आणि त्यातही देरना या एका लहानशा किनारी शहरातले तरुण डोळ्यांत भरण्याइतके जास्त. ज्यांनी काम लिहिलं होतं, त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी आत्मघातकी हल्ला लिहिला होता. यातले बहुतेक जुने जिहादी नव्हते. त्यांच्यापैकी अनेक जण तर विद्यार्थी होते. मुंग्या जमल्या नाहीत, नव्या निपजल्या. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी एप्रिल २००६ च्या आपल्या एकत्रित अहवालात हेच लिहिलं, आणि सप्टेंबरात त्याचा काही भाग सरकारला खुला करावा लागला: इराक हे जिहादींचं भरतीचं मोठं निमित्त झालं आहे.

तुरुंगांनी यात भर घातली. कॅम्प बुक्का या इराकमधल्या अमेरिकी तुरुंगछावणीत एका वेळी वीस हजारांपर्यंत कैदी होते. शेतातून उचललेला पोरगा, जुना लष्करी अधिकारी आणि कट्टर प्रचारक एकाच तंबूत. पुढे इस्लामिक स्टेटचा प्रमुख झालेला अबू बक्र अल-बगदादी २००४ मध्ये तिथे काही महिने होता आणि निरुपद्रवी समजून सोडला गेला. अशा छावणीत कैद्यांची छाननी पहिल्या आठवड्यात झाली नाही तर पुढे करून उपयोग नसतो, कारण तोवर ओळखी होऊन जातात.

एक गोष्ट मात्र चालली, आणि ती का चालली ते नीट पाहायला हवं. २००६ च्या सप्टेंबरापासून अन्बार प्रांतातल्या टोळ्या अल-कायदाविरुद्ध उठल्या. लग्नसंबंधांची जबरदस्ती आणि तस्करीच्या वाटांवरचा कब्जा यांनी त्या वैतागल्या होत्या. अमेरिकेने त्यांना महिना सुमारे ३०० डॉलरवर कामाला लावलं. शिखरावर जवळपास एक लाख माणसं, म्हणजे महिना ३ कोटी डॉलर. युद्धाच्या एकूण खर्चात ही चिल्लर. २००७ मध्ये तीसेक हजार जादा सैनिक आले ते सगळ्यांना दिसतात, पण हिंसा खाली आली ती दोन्ही एकत्र आल्यामुळे, आणि माझ्या मते टोळ्यांचा वाटा मोठा. मग २००८ च्या शेवटी हा पगारपट बगदाद सरकारकडे गेला. पाचातल्या एकाला पोलीस-लष्करात घ्यायचं ठरलं होतं, बाकीच्यांना इतर कामं. पगार लांबले, नेमणुका अडल्या, काहींना अटका झाल्या. जून २०१४ मध्ये मोसूल पडलं तेव्हा इस्लामिक स्टेटला अडवायला या टोळ्यांतले पूर्वीइतके लोक उभे राहिले नाहीत.

हे घरापर्यंत कसं पोहोचतं, यासाठी ब्रिटन पाहा. तिथल्या संयुक्त गुप्तचर समितीने युद्धाआधीच, फेब्रुवारी २००३ मध्ये, सरकारला लिहून दिलं होतं की इराकवर कारवाई केली तर अल-कायदाचा धोका वाढेल. इराक युद्धाबद्दलच्या ब्रिटनच्या चिल्कॉट चौकशीत ते कागद उघड झाले. एमआय५ या देशांतर्गत गुप्तचर संस्थेच्या युद्धाच्या वेळच्या प्रमुख एलायझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी २०१० मध्ये त्याच चौकशीपुढे सांगितलं की इराकने ब्रिटनमधल्या तरुणांच्या एका पिढीतल्या काहींना कट्टर बनवलं आणि आपल्याला खात्याचा खर्च दुप्पट मागावा लागला. हा दुप्पट खर्चसुद्धा युद्धाच्याच खात्यात मांडायला हवा.

२००४ च्या सुरुवातीला पश्चिम लंडनमधल्या एका भाड्याच्या गोदामात ६०० किलो अमोनियम नायट्रेट खत ठेवलेलं सापडलं. शहरात राहणाऱ्याला इतकं खत कशाला, हा प्रश्न गोदामाच्या कर्मचाऱ्यांना पडला आणि त्यांनी फोन केला. पोलिसांनी माल गुपचूप बदलला, पाळत ठेवली, मार्चमध्ये सगळे पकडले. याच पाळतीत मोहम्मद सिद्दीक खान कडेला दिसला होता. त्याला पहिल्या प्राधान्यात घेतलं गेलं नाही, कारण एका माणसावर चोवीस तास नजर ठेवायला साधारण वीस-तीस माणसं लागतात आणि यादी लांब होती. ७ जुलै २००५ ला त्याने आणि आणखी तिघांनी लंडनमध्ये ५२ जणांचा जीव घेतला. त्याच्या ध्वनिचित्रफितीत परदेशातल्या युद्धांचं कारण होतं, आणि कौशल्य पाकिस्तानातून आलं होतं. युद्धामुळे यादी लांबते, आणि यादी लांबली की खान कडेला राहतो. युद्ध आणि घरची सुरक्षा यांच्यातला इतका थेट दुवा दुसरीकडे क्वचितच दिसतो.

“मग सैन्य मागे घ्या, प्रश्न मिटेल” असंही नाही. माद्रिदमध्ये ११ मार्च २००४ ला लोकल गाड्यांत सुमारे १९० जण मारले गेले, तीन दिवसांनी निवडणुकीत सरकार बदललं आणि सैन्य परत आणण्याचं वचन दिलेला पक्ष आला. तरी २ एप्रिलला त्याच टोळीचा बॉम्ब माद्रिद-सेव्हिल वेगवान रेल्वेच्या रुळांखाली सापडला. कट एकदा उभा राहिला की तो धोरण बदलून थांबत नाही, त्याला पोलीसच थांबवतात.

इस्लामिक स्टेटविरुद्धची मोहीम हे दुसऱ्या बाजूचं उदाहरण. ऑगस्ट २०१४ मध्ये हवाई हल्ले सुरू झाले, सप्टेंबरात संघटनेच्या प्रवक्त्याने पाश्चात्त्य देशांत मिळेल त्या साधनाने मारा असं आवाहन केलं, आणि पुढची दोन-अडीच वर्षं युरोपला वाईट गेली: पॅरिस नोव्हेंबर २०१५, १३० मृत्यू; ब्रसेल्स मार्च २०१६, ३२; नीस जुलै २०१६, ८६. मोसूल जुलै २०१७ मध्ये सुटलं, सीरियातलं शेवटचं गाव बागूझ मार्च २०१९ मध्ये. त्यानंतर सीरियातून माणसं पाठवून केलेले मोठे हल्ले युरोपात जवळपास थांबले, कारण पारपत्रं, पैसे आणि प्रशिक्षण यांची सोय असलेलं राज्यच उरलं नाही. म्हणजे इथे युद्धाचा उपयोग झाला, पण आधी धोका वाढून. जमिनीवर मुख्यतः इराकी आणि कुर्दी लढले, हाही फरक लक्षात ठेवावा. युद्ध सुरू करणाऱ्याने ‘आधी वाढेल’ हे लोकांना सांगितलं नाही, तर पहिल्या स्फोटानंतर धोरण हवेत जातं.

ठाण मांडल्याचा परिणाम समजायला इस्रायलचं लेबनॉन पुरेसं आहे. जून १९८२ मध्ये पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला उत्तर सीमेवरून हटवायला सैन्य आत गेलं, ऑगस्टमध्ये ती संघटना बैरूत सोडून गेलीसुद्धा. उद्दिष्ट पूर्ण. मात्र दक्षिणेत सैन्य मे २००० पर्यंत राहिलं. ज्या शिया गावांतल्या अनेकांनी सुरुवातीला सैन्याचं स्वागत केलं होतं, त्यांच्यातूनच हिजबुल्ला ही सशस्त्र संघटना वाढली.

भारताचा स्वतःचा धडा श्रीलंकेत आहे. जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना गेली आणि पाहता पाहता तमिळ वाघांशी लढू लागली. अकराशेहून अधिक जवान गमावून ती मार्च १९९० मध्ये परतली. चौदा महिन्यांनी, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. सैन्य परत आलं म्हणून समोरच्याचा हिशेब मिटत नाही.

उरी, पुलवामा आणि पहलगाम यांनंतरच्या २०१६, २०१९ आणि मे २०२५ च्या कारवायांना याच मापात बसवू नये. त्यात परकी भूमी धरून राहणं नव्हतं, त्यामुळे ठाण मांडल्याचे तोटेही नाहीत. मात्र तळ इमारतीत असेल तर इमारत पडते. तो चालवणारी यंत्रणा सरकारी छत्राखाली असेल तर ती दुसरीकडे उभी राहते. मधल्या शांत वर्षांचं श्रेय कारवाईला द्यायचं, तर पुढच्या हल्ल्याचा दोषही तिला द्यावा लागेल. दोन्ही घाईचं. अशा कारवाईचा उपयोग मोजायचा तो समोरच्या लष्कराच्या खर्चाच्या हिशेबात, आणि तो कळायला वर्षं जातात.

मुंबईपुरतं बोलायचं तर वाट समुद्राची आहे, आणि ती दोनदा वापरली गेली. १९९३ मध्ये आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरलं. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट पळवून दहा जण कुलाब्याच्या मच्छीमारनगरला लागले. २००८ नंतर युद्ध झालं नाही, पण राष्ट्रीय तपास संस्था उभी राहिली, महाराष्ट्र पोलिसांचं फोर्स वन हे कमांडो पथक आलं, मानेसरहून कमांडो पोहोचायला रात्र गेली होती म्हणून मुंबईत एनएसजीचा तळ आला, किनाऱ्यावर पहिल्या टप्प्यात ४६ रडार केंद्रं लागली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. राहिलेली फट अशी: जहाजाची ओळख आपोआप सांगणारं यंत्र सक्तीचं झालं ते २० मीटरपेक्षा लांब बोटींना. कोकणातल्या बहुतेक होड्या त्याहून लहान आहेत, आणि रात्री रडारच्या पडद्यावर त्या सगळ्या एकसारखे ठिपके म्हणूनच दिसतात. कोणता ठिपका आपल्या गावचा नाही, हे बंदरावरचा तांडेल लगेच सांगू शकतो, जर त्याने कुणाला फोन करायचा हे त्याला माहीत असेल आणि पलीकडे रात्री दोन वाजता कुणी तो उचलत असेल.